रात्री आलेला रिपोर्ट सकाळपर्यंत पडून राहतो

प्रश्न : आमचं २० खाटांचं नर्सिंग होम. रक्ताचे नमुने संध्याकाळी बाहेरच्या लॅबला जातात आणि रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. व्हिजिटिंग फिजिशियन ते सकाळच्या राउंडला बघतात. पोटॅशियम ६.८ असलेला रिपोर्ट असाच रात्रभर पडून राहिला. काय व्यवस्था करावी?
— सिस्टर इन-चार्ज, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ग्रुपवर टाकलं म्हणजे डॉक्टरांना कळवलं असं होत नाही. निळ्या टिका दिसल्या तरी नाही. एवढ्या पोटॅशियमने हृदयाची लय कधीही बिघडू शकते आणि रुग्णाला आधी काही जाणवेलच असं नाही. इथे फोनच हवा.

फिजिशियनकडून क्रिटिकल आकड्यांची, म्हणजे जे लगेच कळवायलाच हवेत अशांची, यादी सहीनिशी घ्या. साधारणपणे पोटॅशियम २.५ खाली वा ६.५ वर, सोडियम १२० खाली, शुगर ५० खाली, वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) ५ वर, प्लेटलेट २० हजारांखाली. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) पॉझिटिव्ह आलं तर तेही. हीच यादी लॅबला द्या, सोबत वॉर्डच्या ड्युटी मोबाइलचा नंबर. एखाद्या सिस्टरचा स्वतःचा नंबर देऊ नका. ती रजेवर गेली की सगळं अडतं.

फोन घेणारीने रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर, तपासणी आणि आकडा लिहून परत वाचून दाखवावा. आकडे सुटे म्हणा, ‘चार-नऊ’. आपल्याकडे लॅबवाला हिंदीतून ‘उनचास’ (४९) म्हणतो आणि वहीत ५९ पडतात!

मग लगेच डॉक्टरांना फोन. नाडी, बीपी, लघवी, आधीचं क्रिएटिनिन आणि टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे हाताशी ठेवा. पोटॅशियम वाढलेलं असेल तर ईसीजी तेवढ्यात काढायला घ्या. १५ मिनिटांत डॉक्टर मिळाले नाहीत तर दुसरे कोण, ते नाव यादीतच हवं.

नमुना हिमोलाइज्ड होता का, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्या होत्या का, हे लॅबला जरूर विचारा. सिरम वेगळं न करता नमुना तासन्‌तास राहिला, त्यातही फ्रिजमध्ये, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. साध्या ट्यूबमधली शुगर मात्र दर तासाला ५ ते ७ टक्के उतरते. म्हणून शुगरला करड्या टोपणाची, शुगर टिकवणारी ट्यूब. नमुन्याबद्दल शंका असली तरी दुसऱ्या नमुन्याची वाट बघत कळवणं थांबवू नका.

वहीत लॅबचा फोन, डॉक्टरांना फोन आणि मिळालेली ऑर्डर, तिन्हींच्या वेळा लिहा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर ‘कल्चर बाकी’ लिहा आणि घरच्यांचा मोबाइल नंबर वहीत टिपून ठेवा.