रिव्हरसाइडची जागा सोडून कम्युनिटी कॉलेज घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लेकीला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) बर्कली आणि सॅन डिएगो, दोन्ही कॅम्पसकडून नकार आला. यूसी रिव्हरसाइडची जागा हातात आहे आणि फ्रीमाँटमध्ये घराजवळच ओलोनी हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पहिली दोन वर्षं कमी फीत शिकवणारं सरकारी कॉलेज आहे. तिथे दोन वर्षं काढून पुढच्या वर्षांसाठी बर्कलीला ट्रान्सफर घ्यावी का?

माझी मोठी मुलगी सरळ यूसीत गेली, धाकटा कम्युनिटी कॉलेजातून गेला. दोन्ही वाटा घरातून पाहिल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

फक्त बर्कलीच्या आशेवर हातातली जागा सोडू नका. ट्रान्सफरची लेखी हमी, ज्याला सगळे टॅग म्हणतात, ती यूसीच्या सहाच ठिकाणी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. त्यातही कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचे बरेच मेजर (पदवीचे मुख्य विषय) काही कॅम्पस हमीतून वगळतात. थोडक्यात, दोन वर्षं कष्ट करून जी हमी मिळू शकते, त्या यादीतली एक जागा तिच्याकडे आजच आहे.

पैशाचं गणित मात्र कम्युनिटी कॉलेजच्या बाजूनेच आहे, यात वाद नाही. राज्यातल्या विद्यार्थ्याला युनिटमागे (कोर्स मोजायचं एकक) ४६ डॉलर. वर्षाला ३० युनिट धरले तर १,३८० डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. यूसीला राहणं-जेवण धरून वर्षाला ४० हजारांच्या घरात जातं. हा खर्च खरंच झेपणारा नसेल तर पुढचं सगळं वाचूनही ओलोनीच निवडा, आणि मान ताठ ठेवून निवडा. उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियाने ही वाट मुद्दाम बांधलेली आहे, आणि शेवटी मिळते ती यूसीचीच पदवी.

आता वेळापत्रक. इथेच बहुतेक घरं फसतात, आम्हीही फसलो. ‘दोन वर्षं’ म्हणतात, पण टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात आणि यूसीचा मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. म्हणजे निकाल बघितला जातो तो मुख्यतः पहिल्या वर्षाचा आणि मधल्या उन्हाळ्याचा. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राचे ग्रेड जानेवारीत कळवायचे असतात, बस्स. तेवढ्यात कॅल्क्युलसची मालिका, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स हे सगळं मार्गी लागलेलं हवं. शिवाय यातला प्रत्येक कोर्स आधीच्या कोर्सवर उभा असतो. पहिल्या सत्रात एक वर्ग भरलेला निघाला आणि वेटलिस्टवर नाव गेलं, तर पुढची अख्खी साखळी सरकते. डि अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे छोट्या सत्रांच्या कॉलेजात तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात मिडटर्म येऊन उभी राहते. ओलोनीला सेमिस्टर, म्हणजे लांब सत्र आहे, तेवढा श्वास मिळतो.

मुलाला त्याच्या कॉलेजातल्या काउन्सेलरने एका प्रोग्रॅमिंग कोर्सबद्दल ‘चालेल’ असं सांगितलं. त्याला जायचं होतं त्या कॅम्पसला दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोर्स हवा होता. हे कळलं दुसऱ्या वर्षी. मग उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या कॉलेजात तो कोर्स केला, आणि तरी यादीतला एक कॅम्पस सोडावाच लागला. त्या रात्री तो जेवला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: काउन्सेलरला भेटा, पण असिस्टच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. कॉलेज, कॅम्पस आणि मेजर निवडलं की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरला जातो ते तिथे दिसतं. प्रत्येक कॅम्पसची यादी वेगळी असते. तीन-चार याद्या शेजारी ठेवून जो सगळ्यांत आहे तो कोर्स आधी घ्यायचा.

म्हणूनच ‘अजून ठरलं नाही, कम्युनिटी कॉलेजात बघू’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. फी कमी असल्यामुळे चाचपून बघणं तिथे परवडतं, पण ट्रान्सफरचं घड्याळ थांबत नाही. मेजर बदललं की तिसरं वर्ष आलंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ग्रीन कार्डच्या रांगेत आहात असं लिहिलंय म्हणून सांगतो. २१ पूर्ण झाली की मुलांचा एच-४, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळालेला व्हिसा संपतो. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला तर त्यावर राज्याचे रहिवासी म्हणून नव्याने फी-सवलत मिळवता येत नाही, आणि यूसीची बाहेरच्यांसाठीची जादा फी वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर आहे. लेकीची एकविशी ट्रान्सफरच्या सुमाराला येत असेल तर स्वस्त वाट महाग पडू शकते. दोन्ही ठिकाणच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि मुलीचं मन. मित्रमैत्रिणी डॉर्मचे फोटो टाकतात आणि आपलं मूल त्याच खोलीतून त्याच गाडीने कॉलेजला जातं. गणपतीत कोणी ‘कुठे शिकतोस?’ विचारलं की माझा मुलगा पाणी आणायला आत जायचा. डेव्हिसला पोचल्यावर ते थांबलं, पण ती दोन वर्षं त्याला जड गेली.

होकार कळवायला १ मेपर्यंत वेळ आहे. या शनिवारी लेकीला असिस्ट उघडून द्या, तुम्ही बाजूला बसा, माउसला हात लावू नका. ओलोनीहून बर्कली, डेव्हिस आणि अर्व्हाइनच्या याद्या तिने स्वतः काढून चार सत्रांचा तक्ता मांडला, तर ओलोनीचा विचार जरूर करा. तक्ता तुम्हालाच करावा लागला, तर रिव्हरसाइडला होकार कळवा.