जॅझच्या रेकॉर्डी जमवायला लागताना

छान छंद लागलाय तुम्हाला! सुरुवातीला थोडक्याच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात आधी, अल्बम बाजारात आला ते साल आणि ध्वनिमुद्रणाची तारीख यांत गल्लत करू नका. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटने (पाच वादकांच्या संचाने) 11 मे आणि 26 ऑक्टोबर 1956 या दोन दिवसांत न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत इतकं वाजवलं की प्रेस्टिज ही रेकॉर्ड कंपनी त्यातून 1961पर्यंत अल्बम काढत राहिली. शेवटचा 'स्टीमिन'. त्यातला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन 1961चा समजून ऐकलात तर बुचकळ्यात पडाल; तो पाच वर्षं आधीचा आहे! म्हणून डिस्कोग्राफीत (ध्वनिमुद्रणांच्या तपशीलवार यादीत) आधी तारीख बघा, मग वादकांची नावं.

पहिल्या प्रेसिंगच्या, म्हणजे अल्बमच्या अगदी पहिल्या खेपेतल्या रेकॉर्डच्या, मागे लागू नका. किंमत अवाच्या सवा, आणि झिजलेली निघाली तर नुसती खरखर. रीइश्यू (नंतर पुन्हा काढलेली रेकॉर्ड) कधीकधी मूळापेक्षा सरस असतं. डेव्हिसच्याच 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची पहिली बाजू टेपच्या वेगातल्या फरकामुळे कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात वाजायची; 1990च्या दशकात ती दुरुस्त झाली.

हे मात्र टाळाच:
- मास्टरिंग (रेकॉर्ड छापण्याआधी आवाजाची शेवटची जुळवणी) कोणी, कशावरून केलं याचा पत्ता नसलेल्या स्वस्त एलपी
- 'बेस्ट ऑफ' घेत सुटणं. त्याच रचना दोनदोनदा गळ्यात पडतात

मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डवर कोरलेला क्रमांक), लेबलवरचे पत्ते, मोनो की स्टिरिओ हा वाद, सगळं सध्या राहू द्या. आवडता एक वादक निवडा आणि त्याची दोन वर्षांतली ध्वनिमुद्रणं तारखेच्या क्रमाने ऐका.