दम वाढवायचाय? सुरुवातीला एवढंच कर

वीस मिनिटांत धाप लागते म्हणून फुटबॉल सोडू नकोस, मित्रा. दम हमखास वाढतो. दोनेक महिने मात्र द्यावे लागतील.

रंकाळा तलावाभोवती रोज एकाच चालीत धावणं, ही नव्या पोरांची पहिली चूक. ९० मिनिटांच्या मॅचमध्ये मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) साधारण १० किलोमीटर अंतर कापतो, पण त्यात चालणं, हळू पळणं आणि मध्येच जीव तोडून घेतलेली धाव, सगळं मिसळलेलं असतं. सरावही तसाच हवा.

- आठवड्यातून दोनदा १५ सेकंद जोरात पळ, ४५ सेकंद चाल. आधी आठच फेऱ्या.
- एकदा अर्धा तास सावकाश, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं.
- एरवी बॉल घेऊन छोट्या मैदानात तिघांविरुद्ध तिघे. यातून दम वाढतोच, शिवाय कधी पळायचं आणि कधी थांबायचं तेही कळतं.

दुसरी चूक म्हणजे विश्रांतीचा दिवसच न ठेवणं. नडगी दुखायला लागली तर थांब, तसंच रेटू नकोस. उन्हाळ्यात सकाळी लवकर उरक. जिम, वजनं, हृदयाचे ठोके मोजणं आत्ता नको.

आणि मॅचच्या आदल्या दिवशी दमवणारा सराव अजिबात नाही.