हेरिफर्डचा 1972 चा सामना प्रत्येक जण वेगळा सांगतो, मग नोंद कशाची करायची?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या हेरिफर्ड युनायटेड या फुटबॉल क्लबचे जुने चाहते एकच सामना चार तऱ्हांनी सांगतात, तर खेळाडूंची आणि सामन्यांची वही करताना कोणाचं खरं धरायचं.

माझं उत्तर असं: डोळ्यांनी पाहिलेलं चाहत्याकडून घ्या; तारीख, फेरी, गोलसंख्या कागदावरून घ्या. चिखल किती होता, आपण कुठे उभे होतो, गोल झाल्यावर कोण कोणाच्या अंगावर पडलं, हे माणूस पन्नास वर्षं विसरत नाही. आकडे मात्र पुढे टीव्हीवर पाहिलेल्याशी आणि मित्राकडून ऐकलेल्याशी मिसळतात. त्यात तो खोटं बोलत नसतो, म्हणून त्याला खोडून काढू नका. त्याच्या वाक्यातला कुठला भाग तपासता येतो तेवढा बाजूला काढा.

सुरुवात त्याच सामन्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. इंग्लंडच्या लहान-मोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, म्हणजे एफए कप; त्याची तिसरी फेरी, 1972. हेरिफर्ड तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगच्या चारही डिव्हिजनच्या बाहेर. समोर पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनचं न्यूकॅसल युनायटेड. न्यूकॅसलच्या मैदानावर सामना 2-2 सुटला. हेरिफर्डच्या ब्रायन ओवेनने पहिल्याच मिनिटात गोल केला होता आणि बरोबरीचा गोल खेळाडू-व्यवस्थापक कॉलिन ॲडिसनचा. लोकांच्या मनातला सामना मात्र हा नव्हे. तो म्हणजे रिप्ले, बरोबरी सुटल्यामुळे पुन्हा खेळवलेला सामना, हेरिफर्डच्या घरच्या मैदानावर, एडगर स्ट्रीटवर. पावसाने तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला आणि शेवटी 5 फेब्रुवारीला झाला. त्या दिवशी बाकीचे संघ चौथी फेरी खेळत होते! म्हणून कोणी तुम्हाला ‘जानेवारीतली मॅच’ म्हणालं तर आधी विचारा, घरची की बाहेरची. अर्धा गुंता तिथेच सुटतो.

दुसरी चूक याहून पसरलेली. ‘रॅडफर्डच्या गोलने न्यूकॅसलला हरवलं’ हे तुम्हाला दहांतले सात जण सांगतील. रॉनी रॅडफर्डच्या गोलने फक्त बरोबरी झाली. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना मॅल्कम मॅकडोनाल्डने हेडरने न्यूकॅसलला पुढे नेलं होतं. मग रॅडफर्डने चिखलात झगडून चेंडू मिळवला, ओवेनकडे दिला, परत घेतला आणि सुमारे 30 यार्डांवरून थेट गोलच्या वरच्या कोपऱ्यात मारला. बीबीसीने त्याला त्या मोसमाचा सर्वोत्तम गोल ठरवलं. जिंकून दिलं ते जादा वेळेत रिकी जॉर्जने, 2-1.

हे दोन गोल लोकांच्या डोक्यात एक का होतात, ते चित्रफीत नीट पाहिली की कळतं. रॅडफर्ड हात वर करून धावतो आणि पार्का (टोपीवाले जाड कोट) घातलेली पोरं चहूबाजूंनी मैदानात शिरतात. इतका जल्लोष पाहिल्यावर मन ठरवूनच टाकतं की सामना इथेच संपला. जॉर्जचा गोल त्या मानाने साधा: गोलकडे पाठ, वळून मारलेला जमिनीलगतचा फटका. समालोचक जॉन मॉट्सन तेव्हा 26 वर्षांचा होता. त्याचं नाव या सामन्याने झालं आणि त्याचा आवाज रॅडफर्डच्या गोलाला कायमचा चिकटला. म्हणून चाहत्याला ‘जिंकणारा गोल कोणाचा’ असं विचारू नका. ‘पोरं मैदानात आली, त्यानंतर काय झालं?’ असं विचारा. जो प्रत्यक्ष तिथे होता तो त्यापुढची घालमेल सांगू लागतो, जादा वेळेत पाय कसे रुतत होते ते सांगतो. ज्याने फक्त फीत पाहिली आहे तो तिथेच थांबतो.

जॉर्ज हा बदली खेळाडू होता, आणि इथे एक पक्की कसोटी हाती लागते. त्या काळी एका संघाला एकच बदली मिळायची, त्याच्या पाठीवर 12 नंबर. पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत राहिलेल्या रॉजर ग्रिफिथ्सच्या जागी जॉर्ज आला. कोणी त्या दिवशीचे हेरिफर्डचे दोन बदली खेळाडू सांगितले तर त्यातला एक दुसऱ्या सामन्यातून आलेला आहे.

आणि ‘मी तिथे होतो’ याबद्दल. अधिकृत प्रेक्षकसंख्या 14,313, पण झाडांवर चढून पाहणारेही होते, त्यामुळे तिकीट नसलेला माणूस खोटारडाच असं समजू नका.

पुढच्या फेरीतही अशीच सरमिसळ होते. वेस्ट हॅमशी घरी 0-0, मग लंडनला 3-1 ने हार, तिन्ही गोल जेफ हर्स्टचे. तो रिप्ले सोमवारी भर दुपारी झाला होता, कारण कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे विजेची टंचाई होती आणि प्रकाशझोत लावता येत नव्हते. कोणी ‘दिव्यांखाली’ म्हणालं तर तो हा सामना नव्हे.

आता कागदांविषयी. सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला संघ आधी छापलेला असतो. प्रत्यक्ष उतरलेला संघ नव्हे. एखाद्या प्रतीवर पेन्सिलने नावं खोडून बदललेली असतील तर ती प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची. तिथलं हेरिफर्ड टाइम्स साप्ताहिक आहे, त्यामुळे अंकाची तारीख ही सामन्याची तारीख म्हणून उतरवू नका. तक्त्यांची बेरीज स्वतः करा. 1975-76 ला हेरिफर्डने तिसरी डिव्हिजन जिंकली: 26 विजय, 11 बरोबरी, 63 गुण. आजच्या हिशोबाने (विजयाला तीन गुण) 89 यायला हवेत म्हणून कोणी ‘छपाईची चूक’ म्हणेल, पण 1981 पर्यंत विजयाला दोनच गुण होते.

खेळाडूंच्या आकड्यांत क्लब वेगळे करा. टेरी पेनचे 824 लीग सामने हा त्या काळचा विक्रम आणि तो हेरिफर्डमध्ये असताना झाला, हे खरं. पण त्यातले 713 साउथॅम्प्टनचे, हेरिफर्डचे 111. त्याचप्रमाणे हेरिफर्डचा व्यवस्थापक राहिलेल्या जॉन सिलेटच्या नावापुढे 1987 ला जिंकलेला एफए कप लिहायचा तो कॉव्हेंट्री या क्लबच्या रकान्यात.

सगळ्यात हळुवारपणे विचारायचा सामना 3 मे 1997 चा. घरच्या मैदानावर ब्रायटनविरुद्ध शेवटचा सामना; हरेल तो लीगबाहेर, आणि बरोबरी ब्रायटनला पुरेशी. केरी मेयोच्या स्वयंगोलने हेरिफर्ड पुढे गेलं, रॉबी राइनेल्टने बरोबरी केली, 1-1. दोघांचे 47 गुण. ‘गोलफरकाने (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) गेलो’ असं अनेक जण म्हणतात, तसं नाही. त्या वर्षांत फुटबॉल लीगमध्ये गुण सारखे असले की केलेले गोल मोजत: ब्रायटन 53, हेरिफर्ड 50. गोलफरक धरला असता तर हेरिफर्डचा उणे 15 आणि ब्रायटनचा उणे 17, म्हणजे हेरिफर्ड वाचलं असतं. शिवाय ब्रायटनचे दोन गुण प्रेक्षक मैदानात शिरल्याबद्दल आधीच कापले होते, तरीही ते तरले. पण ‘गोलफरकाने गेलो’ हे वाक्य चाहत्यासमोर दुरुस्त करायची घाई करू नका. आधी त्याचं पूर्ण ऐका, नियम खाली टिपेत लिहा.

वहीत शेवटचा आणि खरा पेच क्लबच्या नावाचा. 19 डिसेंबर 2014 ला न्यायालयाच्या आदेशाने हेरिफर्ड युनायटेड बंद झाला. 2015 पासून एडगर स्ट्रीटवर हेरिफर्ड एफसी खेळतो. कायद्याने तो वेगळा क्लब, चाहत्यांच्या मनात तोच. माझ्या मते आकड्यांचे रकाने दोन ठेवा आणि आठवणींचा एकच ठेवा. 2016 च्या एफए व्हाजच्या (खालच्या पातळीवरच्या क्लबांच्या कपच्या) अंतिम सामन्यात वेम्बलीवर पहिला गोल नव्या क्लबच्या रॉब पर्डीने केला, नंतर मॉर्पेथ टाउनने 4-1 ने जिंकलं. पर्डी जुन्या क्लबकडूनही खेळलेला. त्याचे सामने दोन्हीकडे वेगवेगळे मांडा, पण त्याच्याबद्दल चाहते जे सांगतील ते एकाच पानावर येऊ द्या.