आधी कारण विचार

प्रिय,

अनेक आशीर्वाद. इंग्रजी शिकवायला सुरुवात करायची म्हणून कुठलं पुस्तक घेऊ, व्याकरण आधी की बोलणं, असं तू विचारलं आहेस. पुस्तकाचं नंतर बघू. समोरचा प्रत्येक जण इंग्रजी कशासाठी शिकतोय, हे आधी त्याच्याच तोंडून ऐक.

1913 मध्ये केंब्रिजने परभाषिकांसाठी पहिली इंग्रजी परीक्षा घेतली, तेव्हा तिघेच बसले आणि तिघेही नापास झाले. पुढे इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी होती ती. आता शिकणाऱ्यांचं वयच पार खाली आलंय. दक्षिण कोरियाने 1997 मध्ये आणि चीनने 2001 मध्ये तिसरीपासून इंग्रजी सुरू केलं. जपानमध्ये 2020 पासून पाचवी-सहावीला तो रीतसर विषय झाला. एवढ्या लहान मुलांचं कारण त्यांचं स्वतःचं नसतं, ते आईवडिलांनी नाहीतर सरकारने ठरवलेलं असतं. पुढे नोकरी मिळेल, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगून काय उपयोग? त्याला गोष्ट आणि खेळ हवा, तेवढंच कारण त्याला पुरतं.

मोठ्यांचं नेमकं उलट. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि हवाई वाहतूक नियंत्रकांना 2008 पासून इंग्रजीची किमान चौथी पातळी गाठावी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजू तपासतात, आणि सहांपैकी सर्वांत कमी पातळी हीच अंतिम धरतात. उच्चारात मातृभाषेची छटा चालते, समजण्यात फारसा अडथळा यायला नको एवढंच. मला ही कसोटी फार शहाणी वाटते. अशा माणसाला निबंध लिहायला लावू नकोस. न समजलेली सूचना पुन्हा विचारणं आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, याचा सराव त्याच्याकडून घे.

1959 मध्ये गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी मॉन्ट्रियलमधल्या फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरून दोन प्रकारच्या ओढी मांडल्या: ती भाषा बोलणाऱ्या लोकांत मिसळायची आणि व्यवहारातल्या फायद्याची. इंग्रजीत पहिली ओढ आता धूसर झालीय. मातृभाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा ती शिकून बोलणारे कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे तुझ्या विद्यार्थ्याशी बोलणारा माणूसही बहुधा शिकूनच बोलणारा असेल. म्हणून लंडनची ढब गिरवण्यात त्यांचा वेळ घालवू नकोस.

‘सगळे शिकतात म्हणून’ असं उत्तर आलं, तर तिथे थांबू नकोस. पहिलं इंग्रजी वाक्य कोणाशी बोलावं लागेल, फोनवर की समोरासमोर, असं खोदून विचार.

टोफेल किंवा आयेल्ट्स या परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षांसाठी येणारे विद्यार्थी गुण मिळाले की जातील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना परीक्षेचंच शिकव. फक्त शेवटचे काही तास लांब व्याख्यान ऐकून टिपणं काढायला राख. विद्यापीठात गेल्यावर अडतं ते तिथेच.

कळावे,
तुझे सर