त्रिनिदाद-टोबॅगो: आधी लस, मग तिकीट

दिवाळीच्या सुट्टीत त्रिनिदाद-टोबॅगोला जायचा विचार आहे. तेव्हा तिकडे चक्रीवादळं असतात ना?

कॅरिबियनमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. पण ही दोन बेटं पार दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या कुशीत आहेत, त्यामुळे बहुतेक वादळं उत्तरेकडून निघून जातात. बहुतेक म्हणतोय, कारण १९६३ साली 'फ्लोरा'ने टोबॅगोला झोडपलंच होतं. पाऊस मात्र भेटेल. कोरडा मोसम जानेवारी ते मे. तरी दिवाळीतच जा असं मी म्हणेन. त्रिनिदादमध्ये दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते आणि गावोगावी बांबू वाकवून केलेल्या कमानींवर पणत्या लावतात. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' जहाजातून उतरलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा हा सण. ते प्रामुख्याने भोजपुरी मुलखातले, म्हणून मराठी कानावर पडेल ही आशा नको.

आई-बाबा (६८ आणि ७२) सोबत येणार आहेत. लस लागते का?

हा प्रश्न लोक तिकिटं काढून झाल्यावर विचारतात. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या ठिकाणांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद बेट आहे. परतताना लशीचा दाखला नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, तेही सहा दिवसांपर्यंत. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो, म्हणजे निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. अडचण वयाची आहे: साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो. आई-बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते नको म्हणाले तर हट्ट करू नका, बार्बाडोसला जा. ते या यादीत नाही.

आणि विमान अमेरिकेत नुसतं बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो, तेवढं बघा.

सासूबाई कांदा-लसूण खातात, पण मांस-मासे नाहीत. उपाशी राहतील का?

उलट वजन वाढवून येतील. सकाळी रस्त्यावर 'डबल्स' खा: दोन मऊ 'बारा' (तळलेल्या छोट्या पुऱ्या), मध्ये छोले. तिखट विचारतील तेव्हा 'स्लाइट' म्हणा, कोल्हापूरचे असलात तरी. दालपुरी रोटी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण, आत वाटलेली डाळ. 'सहीना' तर अळूवडीच. सासूबाई पाककृती विचारतील, वेळ काढून ठेवा.

समुद्र कुठला चांगला?

टोबॅगोचा. त्रिनिदादहून विमानाने अर्ध्या तासाच्या आत. पिजन पॉइंटहून काचेच्या तळाच्या बोटीने बुकू रीफ आणि नायलॉन पूल बघा; भर समुद्रात कंबरभर पाणी. प्रवाळावर पाय देऊ नका. लष्करी रंगसंगतीचे ठिपक्यांचे कपडे मात्र घरीच ठेवा. सामान्य माणसाने ते घालायला तिथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलाच्या टोपीलासुद्धा.

निवृत्त वडिलांना बीचचं काही कौतुक नाही. त्यांचं काय करू?

पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर न्या. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथे, आणि गावसकरांचं पदार्पणही त्याच सामन्यात, ६५ आणि नाबाद ६७. मालिकेच्या शेवटच्या कसोटीत पुन्हा इथेच १२४ आणि २२०. शहरात रात्री पायी भटकू नका, पण दुपारी मैदानाबाहेर एखाद्या वयस्कर त्रिनिदादकराला हे आकडे ऐकवून बघा. वडील दोन तास परत येणार नाहीत.