नेमबाजीच्या रेंजवर सरावासाठी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यावं की .४४ मॅग्नम?

टेक्ससमध्ये राहता, पहिलंच रिव्हॉल्व्हर आहे आणि दर शनिवारी रेंजवर जायचंय म्हणता, तर बिनधास्त .३५७ घ्या.

खरा प्रश्न काडतुसांचा आहे. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये आलं, ते .३८ स्पेशल या काडतुसाचंच कवच थोडं लांबवून. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलही चालतं; धक्का कमी, खर्चही कमी. (उलटं, म्हणजे .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७, कधीही करू नका!) .४४ मध्ये .४४ स्पेशल चालतं, पण ते महाग पडतं. आणि पूर्ण ताकदीची पन्नास .४४ झाडली की मनगट बोलायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे ट्रिगर दाबण्याआधीच हात दचकायची सवय लागते, ती मोडता मोडत नाही.

.३५७ मध्ये रुगर जीपी१०० किंवा स्मिथ अँड वेसन ६८६, कुठलंही रिव्हॉल्व्हर चालेल. दोन्ही वजनदार आहेत आणि इथे वजन फायद्याचंच, धक्का तेच खातं. हातात धरून बघा, मूठ नीट बसेल ते घ्या. नळी मी तरी सहा इंची घेईन.

.३८ झाडल्यावर सिलिंडरची घरं ब्रशने घासा, नाहीतर काजळीच्या कड्यामुळे .३५७ ची काडतुसं अडकतात. बंदिस्त रेंजवर इअरप्लगवरून इअरमफही घाला.